आक्का, तुझी हरळी

आक्का, तुझं खुरपं माझ्याकडं आहे. दहाव्याच्या दिवशी गजानननं ते फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "आईनं तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं मामा," एवढंच म्हणाला. मी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि पोर्चमधल्या चपलांच्या स्टँडवर ठेवलं. तेव्हापासून येता-जाता दिसतं. त्याची मूठ तुझ्या हातानं एका अंगानं झिजलीय, अंगठा टेकायचीस तिथं खोलगट झालीय. ती मूठ धरायची माझी कालपर्यंत छाती झाली नव्हती.

दहाव्याला लोक तुझ्याबद्दल उठून बोलले. देवगावातली अर्धी माणसं आली होती. कुणाच्या बाळंतपणात तू रात्रंदिवस बसली होतीस, कुणाची लेक तुझ्या सांगण्यानं शाळेत गेली, असं एकेक निघत होतं. मग मलाही उठवलं. 'धाकटे बंधू, मोठ्या कंपनीतून साहेब म्हणून रिटायर झाले' अशी माझी ओळख करून दिली. मी म्हणालो, आक्का माझी दुसरी आईच होती. सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं काही बोललो नाही मी. पण जे बोलायला पाहिजे होतं ते घशातच राहिलं, आणि खाली बसताना माझं मलाच वाटलं की, वा रे वा, भाऊ असावा तर असा.

ते घशात राहिलेलं आज सांगतो. तुला नवं नाही त्यात काही. तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं.

तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई निंदायला जायची तेव्हा मला काखोटीला मारून तूच वावरात न्यायचीस, बाभळीखाली बसवायचीस आणि बायांच्या ओळीत जाऊन आपली पात धरायचीस. एकेका बाईनं एकेक पट्टा धरायचा आणि निंदत पुढं सरकायचं. बाकीच्यांची पात झपाझप पुढं जायची, तुझी मागं राहायची. कारण तुझ्या पातीत हरळी लागली की तू तिथंच बैठक मारायचीस. वरचं गवत कापून पुढं जाणं तुला जमलंच नाही कधी. खुरप्याचं टोक खाली घालून, पांढरी मुळी हाताला लागेपर्यंत उकरत राहायचीस. बाया हसायच्या, मुकादम ओरडायचा. तू म्हणायचीस, "हरळी ठेवून पुढं जायचं म्हंजी उद्याच्या बाईच्या उरावर काम ठेवायचं." शेतकऱ्याच्या घरात शिवी द्यावी तसं हरळीचं नाव घेतात. एक तुकडा मातीत राहिला तर त्याचे दहा होतात.

आणि त्याच घरातल्या माझ्यासारख्या दिवट्यानं शहरात घर बांधलं आणि दारासमोर हौसेनं हरळी अंथरली.

हर्सूलच्या बाजूला प्लॉट घेतला, घर झालं, पुढं वीस बाय पंधराची जागा उरली. कॉलनीत सगळ्यांकडं लॉन, म्हणून मीही सतरंजीसारख्या गुंडाळ्या आणून आषाढात लॉन लावून घेतलं. नर्सरीवाल्यानं त्या गवताचं भारी इंग्रजी नाव सांगितलं. हरळीच होती ती, जरा बारीक पात्याची. मला कळलं नव्हतं असं नाही. पण लॉन म्हटलं की हरळी आठवायची नाही, एवढं मी तोवर शिकलो होतो.

पोळा झाल्यावर तू घर बघायला म्हणून पहिल्यांदा आलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे मोठे साहेब चहाला येणार होते, वास्तुशांतीला त्यांना जमलं नव्हतं म्हणून. मी चिकलठाण्याला कंपनीत. सुनंदा खाण्याचं आणायला बाजारात गेलेली. तू घरात एकटी. टीव्ही लावून दिला होता तुला, पण तू कसली बसतीस? अंगणात आलीस आणि बघितलंस तर भावाच्या नव्या घरापुढं हरळी माजलेली! बिचाऱ्याला नोकरीतून सवड नाही, भावजयीला शेतातलं कळत नाही. पिशवीतून खुरपं काढलंस. हो, माहेरी भावाकडं येतानाही तुझ्या पिशवीत खुरपं होतं. कुंपणाला पाठ लावून पात धरलीस आणि दुपारभर निंदत पोर्चपर्यंत आलीस.

मी घरी आलो तेव्हा अख्खं लॉन गेटजवळ ढिगात पडलेलं होतं, मुळं झटकून, नीट एकावर एक रचून. काळी माती उघडी पडली होती. तू घामानं निथळत होतीस आणि तोंड कसं फुललेलं. म्हणालीस, "लई माजली होती बापू. पण मी एक मुळी ठिवली नाय बघ."

आजही त्या वाक्याला मला हसू येतं आणि लगेच तोंड कडू होतं. कारण मी ओरडायला तोंड उघडलं आणि मागं गाडीचं दार वाजलं. मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस. साहेबांनी तो उकरलेला चौकोन बघितला, ढीग बघितला आणि विचारलं, लॉन नवीन करताय वाटतं. मी हो म्हणालो. मग त्यांनी तुझ्याकडं बघितलं. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत मातीचे. कौतुकानंच म्हणाले, "बाई चांगली मिळाली हो तुम्हाला. काय साफ हात आहे."

"हो ना," मी म्हणालो.

एवढंच. एक 'हो' आणि एक 'ना'. 'ही माझी थोरली बहीण' म्हणायला किती वेळ लागला असता? तेवढाच. साहेब काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी तुला वाकून नमस्कारही केला असता. मला कुणी धाक घातला नव्हता. बढती अडली असती असंही नव्हतं, ती तर आधीच मिळाली होती. मग का? बारा वर्षं मी स्वतःला निरनिराळी कारणं सांगत आलो. गडबडीत सुचलं नाही, रागात होतो, वेळ मिळाला असता तर सांगितलं असतं. झूठ. मला लाज वाटली. तुझ्या हाताला लागलेल्या मातीची लाज वाटली, आक्का. त्याच हातानं तू मला भाकरी चुरून भरवायचीस.

तू चार हातांवर उभी होतीस. ऐकलंस. माझ्याकडं बघितलंस, फार वेळ नाही. मग पदर डोक्यावर घेतलास आणि घराच्या मागच्या नळाकडं निघून गेलीस. आम्ही हॉलमध्ये चहा घेतला. बाजारातून आलेल्या सुनंदानं तुला मागच्या दारातून दोनदा आत बोलावलं. तू म्हणालीस, पाय मातीचे आहेत, इथंच बरी हाय. तिला वाटलं तू लाजतीस.

पाहुणे गेल्यावर तू आत आलीस. मला वाटलं, आता निघेल विषय. तर तू माझ्यासमोर फरशीवर बसलीस आणि विचारलंस, "ते गवत मुद्दाम लावलं होतं व्हय?" मी रागात होतो अजून. मुद्दामच लावलं होतं, म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं, विचारायचं तरी आधी. तू खाली मान घातलीस.

"चुकलं माझं," म्हणालीस.

आक्का, तू माझी माफी मागितलीस. आणि मी ती घेतली! असू दे आता, असं म्हणालो, मोठ्या मनाचा आव आणून. त्या संध्याकाळी त्या घरात ज्यानं माफी मागायला पाहिजे होती त्यानं ती मागितलीच नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं गेलीस. मला वाटलं आता ही परत येत नाही. पंधराव्या दिवशी गेटची कडी वाजली. डोक्यावर पोतं, पोत्याला ओला बारदाना गुंडाळलेला, आणि तू गेटातनंच हाक मारलीस, "साहेब, बाई आलीय कामाला!"

सुनंदा खो-खो हसली. तिला वाटलं वन्संची गंमत. मीही हसलो. काय करणार? पोत्यात तुझ्या बांधावरची हरळी होती. नर्सरीची नाजूक जात शहरातल्या उन्हात टिकायची नाही, ही टिकती, म्हणालीस. तीन दिवस लागले तुला. एकेक कांडी मोडून, दोन-दोन बोटांच्या अंतरावर ओळीत खोचत गेलीस. जन्मभर जी उपटली ती हातानं लावताना कसं वाटलं असेल तुला? एकदाच पुटपुटलीस, आई बघत असली वरून तर म्हणंल पोरगी येडी झाली. दिवाळीला अंगण हिरवं झालं होतं.

तेव्हापासून वर्षातून चार फेऱ्या तुझ्या ठरलेल्या. होळीनंतर, मृगाच्या आधी, पोळ्यानंतर आणि दिवाळी झाल्यावर. दर वेळी गेटात तीच हाक. बारा वर्षं. ती हाक तू कशी मारायचीस, आक्का? गंमत म्हणून, की मला आठवण राहावी म्हणून? मी किती वेळा तुझ्या चेहऱ्याकडं बघून ओळखायचा प्रयत्न केला. तू आपली हसत चपला काढायचीस. सरळ भांडली असतीस तर बरं झालं असतं.

भांडलो आपण ते पाण्यावरून. इथं नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं हे तुला ठाऊक होतं, आणि मी उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाइप घेऊन उभा राहायचो. पहिल्या उन्हाळ्यात तू मला असं झापलंस की शेजारी खिडकीत आले. माणसाला प्यायला पाणी नाही आणि गवताला आंघोळ घालतोस? आठवड्यातनं एकदा दे, पहाटं दे, पण मुळाला पोचंल असं दे. रोज वरच्यावर शिंपडलंस तर मुळं वरच लोळत बसतील, मग ऊन लागलं की मान टाकतील. आणि वैशाखात कापू नकोस, वाढू दे जरा, त्याची सावली त्याच्याच मुळाला. पिवळं पडलं तर पडू दे. मी म्हणायचो, वाळून मरेल. तू म्हणायचीस, हरळी कुठं मरती? झोपलीय ती. मी ऐकलं नाही. तू गेलीस की चोरून पाणी मारायचो. मृगाआधी आलीस की बोटानं माती उकरायचीस आणि न विचारता सांगायचीस, मारलंस व्हय रे पाणी.

पाऊस लागायच्या आधी तू लोखंडी गजानं अंगणभर भोकं पाडायचीस, कारण आपली काळी माती पायानं तुडवून दगडासारखी होते. मग चाळलेलं जुनं शेणखत आणि वाळू हातानं पसरायचीस, पोळीला तेल लावल्यासारखं. पोळ्यानंतरची फेरी लव्हाळा आणि गाजरगवत काढायची. ओल असताना, मुळासकट, बी धरायच्या आत. थंडीत म्हणायचीस, आता त्याला निजू दे, दवात पाय देऊ नको. एका वर्षी मी तुझी वाट न बघता युरिया टाकला, मुठीनं, सढळ. चार दिवसांत जागोजाग पांढरे चट्टे. तू आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, जेवाय वाढायचं असतं बापू, कोंबायचं नसतं. आणि चट्ट्यांवर लावायला दोन दिवसांनी गजाननबरोबर पुन्हा पोतं पाठवलंस.

लॉनचं नाव झालं. कॉलनीतले लोक विचारायचे, कुठून आणलं, काय घालता. मी सांगायचो, मशीननं एक तृतीयांशच कापायचं, पाणी पहाटे द्यायचं, खोल द्यायचं. तुझी वाक्यं होती ती, फक्त मी त्यांना पँट घातली होती. मी रिटायर झाल्यावर मोठे साहेबही थंडीच्या दिवसांत कधीमधी येऊन बसायला लागले. आणि इथं ते दुसरं आहे, जे 'हो ना'पेक्षा वाईट आहे.

एका दिवाळीनंतर तू काम उरकून लॉनवर खुर्ची टाकून चहा पीत होतीस. मी शेजारच्या खुर्चीवर. आपण आईच्या हातच्या घुगऱ्यांवरून काहीतरी बोलत होतो. गेटपाशी साहेबांची गाडी थांबली. मी तुझ्याकडं बघितलं, देवाशपथ, काही बोललो नाही मी. पण तू कप उचललास, खुर्चीवरून उठलीस आणि पदर घेत मागं निघून गेलीस. साहेब आले आणि त्या खुर्चीवर बसले. खुर्ची तुझ्या अंगानं अजून कोमट असेल. माझं खोटं तू सांभाळलंस, आक्का. मी सांगितलं नव्हतं तरी सांभाळलंस. आणि मी ते तुला सांभाळू दिलं.

त्यानंतर दर फेरीला मी ठरवायचो की आज बोलायचं. तू लव्हाळा उपटत असायचीस आणि मी पोर्चमध्ये पेपर धरून वाक्य जुळवायचो. तुझ्याशेजारी बसून एक मूठ गवत उपटलं असतं तरी बोलणं आपोआप निघालं असतं. गुडघे दुखतात म्हणून मी कधी बसलो नाही. तुझे दुखत नव्हते का? या होळीला तुझा फोन आला, दम लागतोय, या खेपंला जमत नाय. म्हणालीस, तू जरा हात चालव, पार सोडू नको. मी म्हणालो, रविवारी येतो भेटायला. रविवारी टाकीचा कॉक बदलायला प्लंबर येणार होता. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. गुरुवारी दुपारी तू जेवून पडलीस ती उठली नाहीस.

दहाव्याला सगळं उरकल्यावर गजानन मला वावरात घेऊन गेला. मका निघून गेलेला, रान सगळं नांगरून स्वच्छ. आणि वरच्या बांधाला लागून, पाइपलाइन ठिबकते तिथं, खाटेएवढा एक हिरवा तुकडा. दाट हरळी. चारी बाजूंनी तू दगड मांडले होतेस, बाहेर पसरू नये म्हणून. गजानन म्हणाला, बारा वर्षं आईनं तिथं कुळव फिरू दिला नाही. निंदायला येणाऱ्या बाया टिंगल करायच्या की म्हातारी हरळी पोसती. आई त्यांना सांगायची, माझ्या भावाच्या अंगणात चट्टा पडला तर लागंल.

"मामा, आता काढू का?" त्यानं विचारलं. "रानात शिरंल उद्या."

त्याचं बरोबर होतं.  फोन करतो म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो.

काल संध्याकाळी मोठे साहेब आले. काठी घेऊन, हळूहळू. माझी बहीण गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून भेटायला. वाईट झालं म्हणाले, वय काय होतं विचारलं, बहिणीची माया वेगळीच असं काही बोलले. मग लॉनकडं बघत राहिले. वैशाख आहे, सगळं पिवळं पडलंय, होळीनंतर कुणाचा हात लागलेला नाही. मला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक त्यांनी विषय बदलला. म्हणाले, "तुमची ती बाई हल्ली येत नाही वाटतं? लॉनची पार रया गेली."

सुनंदा पाणी घेऊन दारात उभी होती. स्टँडवर तुझं खुरपं होतं. आणि साहेब त्याच खुर्चीवर बसले होते.

"तीच गेली साहेब," मी म्हणालो. "तीच माझी बहीण."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी लॉनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सुनंदानं ट्रे खाली ठेवला. मी थांबलो नाही. पहिल्या दिवशीचं सांगितलं, त्या 'हो ना'चं सांगितलं, ज्या खुर्चीवर ते बसले होते तिचंही सांगितलं. साहेब हळूच उठून उभे राहिले, जणू ती खुर्ची अजून कुणाची तरी होती. म्हणाले, "अहो, मी एकदा त्यांना जुनी साडी देऊ का म्हणून विचारलं होतं."  हे मला माहीत नव्हतं. तू काय म्हणाली होतीस, मी विचारलं. ते म्हणाले, "हसल्या. म्हणाल्या, माझा भाऊ घेतो मला दिवाळीला."

कधी घेतली होती मी, आक्का? बारा दिवाळ्यांत दोनदा. तीनदा असेल.

ते गेल्यावर सुनंदा माझ्याकडं पाठ फिरवून आत जाऊन बसली. बरोबरच आहे तिचं. मी गजाननला फोन लावला आणि सांगितलं, तो तुकडा काढू नको, मृगाच्या आधी मी येतो, माझ्या हातानं काढतो, एक मुळी ठेवणार नाही, तुझ्या आईच्या रानात हरळी राहायला नको. इथं आणून लावीन सगळी.

आज पहाटे उठून मी मुळापर्यंत पोचेल असं पाणी दिलं. ऊन चढायच्या आत खुरपं घेऊन कुंपणाला पाठ लावून बसलो. तुझ्या मुठीत माझा अंगठा नीट बसत नाही, मोठा पडतो. गाजरगवताची दोन रोपं निघाली, तिसरं मुळाशी तुटलं, ते उकरायला फार वेळ गेला. गुडघे पेटले. पोर्च अजून लांब होता. मग मी तुझ्यासारखाच खाली मान घालून बसलो, गेटाकडं बघवेना, आणि बारा वर्षांपूर्वी तू फरशीवर बसून जे म्हणाली होतीस तेच म्हणालो.

चुकलं माझं, आक्का.